तीन मुक्कामांची मैत्री

पुण्याहून गोकर्ण, हंपी किंवा गोव्याकडे पाठीवर बॅग घेऊन निघालेल्या कितीतरी जणांची वाट बेळगाव, लोंढा, हुबळी या पट्ट्यातून जाते. अलीकडे निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगावची मराठी पोरंपोरीही त्याच वाटेला लागलेली दिसतात. राहायचं ते हॉस्टेलात. एका खोलीत सहा-आठ जणांचे दुमजली पलंग, प्रत्येकाला एक पडदा आणि एक लॉकर, सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर, आणि भाडं खोलीचं नव्हे, खाटेचं. पहिल्या संध्याकाळी ज्याचं नावही माहीत नसतं, तो तिसऱ्या दिवशी बसस्टँडपर्यंत सोडायला येतो. बस हलते आणि दोघांचाही गळा दाटतो. घरी परतल्यावर मात्र शंका येते, तीन दिवसांत एवढा जीव लागतोच कसा? ते खरं होतं की नुसती प्रवासाची धुंदी?

समाजमानसशास्त्रात गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत जे काम झालंय त्यातून या शंकेचं उत्तर बऱ्यापैकी स्वच्छ मिळतं. ती मैत्री खरी असते. आणि ती इतक्या लवकर जुळते यामागं, निरोपाची वेळ दोघांनाही आधीपासून ठाऊक असणं हे फार मोठं कारण असतं. निरोप हा त्या मैत्रीवर शेवटी आलेला घाला नसतो, तो पहिल्या चहापासून तिथं हजर असतो.

एकत्र मुक्काम ही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर पौर्णिमेला कोल्हापूर, सांगली, बेळगावकडचे लोक शेजारी शेजारी चुली मांडतात, आणि पंढरपूरला निघालेल्या दिंडीत अनोळखी माणसं एका राहुटीत झोपतात. प्रवासी हॉस्टेलची कल्पना मात्र जर्मनीतली. रिचर्ड शिरमान हे शाळामास्तर 1909 साली मुलांना घेऊन पायी सहलीला गेले असताना वादळी पावसात सापडले आणि रात्र एका गावच्या शाळेत काढावी लागली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा चालत फिरणाऱ्या मुलांना निवाऱ्यासाठी का देऊ नयेत, हा विचार तेव्हाचा. पुढं 1912 साली आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा हॉस्टेल सुरू झालं.

तासांचा हिशेब

मैत्री व्हायला किती वेळ लागतो, हे कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी मोजून पाहिलं. त्यांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. नव्या गावी राहायला आलेले प्रौढ आणि कॉलेजात नव्यानं आलेले विद्यार्थी यांना त्यांनी विचारलं, की नव्यानं भेटलेल्या माणसाबरोबर किती तास घालवले आणि नातं कुठवर आलं. ओळखीतला माणूस साधा मित्र व्हायला साधारण 50 तास, ‘मित्र’ म्हणावं इतकं जवळ यायला 90 च्या आसपास आणि जिवलग व्हायला 200 हून जास्त तास, असा अंदाज त्यातून निघाला.

आता बेळगावच्या टिळकवाडीत दर रविवारी दोन तास चहाला भेटणारे दोघे घ्या. त्यांना 50 तास भरायला पंचवीस आठवडे, म्हणजे जवळपास सहा महिने लागतील. हॉस्टेलात तीन दिवस एकत्र काढणारे दोघे रोज चौदा तास जागे असतात. सगळा वेळ बरोबर घालवला तर 42 तास झाले. रोजच्या जगण्यात सहा महिन्यांवर पसरलेली मैत्री इथं तीन दिवसांत होते, कारण जवळपास तेवढेच तास तीन दिवसांत होतात. यात खोटं काही नाही.

या हिशेबातच एक इशाराही आहे. तीन दिवसांत 200 तास होत नाहीत, कारण तीन दिवसांत तासच 72 असतात. जीव लागलेला असतो, पण माणसाची पारख झालेली नसते. पैशाच्या अडचणीत, आजारपणात, रागात हा माणूस कसा वागतो हे अजून दिसलेलं नसतं. म्हणून मोठी रक्कम उसनी देणं, मोबाइलचा पिन सांगणं, पासपोर्ट किंवा आधार कार्ड सांभाळायला देणं, फक्त त्याच्या भरवशावर आडवाटेच्या ट्रेकला निघणं, हे टाळावं. निघायचंच असेल तर कुठं चाललोय, कोणाबरोबर आणि कधी परतणार, हे घरच्यांना आणि हॉस्टेलच्या काउंटरवर सांगून निघावं. आपुलकी आणि विश्वास एका वेगानं वाढत नाहीत. आपुलकी फार पुढं धावते आणि बरेचसे वाईट अनुभव या मधल्या अंतरात येतात.

शिवाय सगळे तास सारखे मोलाचे नसतात. हॉल यांना असं दिसलं, की एकत्र काम करण्यात गेलेल्या तासांनी नातं फारसं पुढं सरकत नाही. गप्पा, खेळ, जेवण, नुसतं बसून राहणं यातले तास मोजले जातात. हॉस्टेलच्या टेबलावर समोरासमोर लॅपटॉप उघडून बसलेले दोघे दोन दिवसांनीही तितकेच परके असू शकतात, आणि दोघांत मिळून एक कुकर लावणारे तासाभरात एकमेकांना नावानं हाक मारू लागतात.

खाट कुठली घ्यावी

लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शाख्टर आणि कर्ट बॅक यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी-वसाहतीत केलेला अभ्यास 1950 साली प्रसिद्ध झाला. घरं आपल्या पसंतीनं निवडलेली नव्हती, मिळतील तशी होती. शेजारच्या दाराआड राहणाऱ्यांपैकी 41 टक्के एकमेकांना जवळचे मित्र म्हणत होते. एक घर सोडून राहणाऱ्यांत हे प्रमाण 22 टक्के होतं आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत 10 टक्के. अंतरं तर काही पावलांचीच होती. जिन्याजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरही ओळख जास्त निघाली, कारण येणारा-जाणारा त्यांच्या दारावरून जायचा.

सहा-आठ खाटांच्या खोलीत हाच नियम लहान मापात चालतो. दाराजवळची खालची खाट, चार्जिंगच्या बोर्डाशेजारची खाट, पाण्याच्या फिल्टरजवळची खुर्ची, इथं बसणाऱ्याशी सगळे दोन शब्द बोलतात. कोपऱ्यातली वरची खाट पडदा ओढून घेतली की माणूस दिसेनासा होतो. पण दाराजवळ झोप मोडते, रात्री दोन वाजता येणाऱ्याच्या चपलांचा आवाज तिथं पहिला पोचतो. यावर मधला मार्ग असा, की झोपायला कोपरा घ्यावा आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात खोलीत न थांबता स्वयंपाकघराजवळ बसावं. त्या वेळेला बाहेरून आलेले लोक अंघोळी उरकून, भुकेले आणि मोकळे असतात.

एकाच रात्रीचा मुक्काम असेल तर मैत्री सहसा जमत नाही, आणि याला मेंदूतलंही एक कारण असावं. अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हे झोपेवर काम करणाऱ्यांना जुनं ठाऊक होतं. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं, की त्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धगोल उजव्यापेक्षा जास्त सावध राहतो, बाहेरच्या बारीक आवाजांना तो जास्त प्रतिसाद देतो. पुढच्या मुक्कामांत हा फरक मावळत जातो. पहिल्या सकाळी चेहरे ओढलेले आणि उत्तरं तुटक असतात ती यामुळंही. अशा सकाळी कोणी नीट बोललं नाही म्हणून त्याच्यावर शिक्का मारू नये. शक्य असेल तिथं एका जागी निदान दोन रात्री काढाव्यात. पाच दिवसांत पाच गावं करणारा माणूस पाचही पहिल्या रात्रीच काढतो.

परक्याजवळ मन का उघडतं

रात्री गच्चीवर बसल्यावर माणसं अशा गोष्टी बोलतात ज्या घरी कोणाला सांगितलेल्या नसतात. मोडलेलं लग्न, न जमलेली परीक्षा, वडिलांशी धरलेला अबोला. जर्मन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज झिमेल यांनी 1908 सालीच हे टिपून ठेवलं होतं, की फिरत्या परक्या माणसाजवळ लोक कबुलीजबाब दिल्यासारखं बोलतात, आणि जवळच्यांपासून मात्र तीच गोष्ट लपवतात. परका आपल्या गावच्या हिशेबात नसतो. तो उद्या जाणार आणि आपलं बोलणं त्याच्याबरोबर जाणार.

झिक रुबिन यांनी याची परीक्षा बोस्टनच्या लोगन विमानतळावर घेतली. त्यांचा निबंध 1975 सालचा. विमानाची वाट पाहत बसलेल्यांकडे हस्ताक्षराचा नमुना मागायचा, आणि त्याआधी प्रयोग करणाऱ्यानं स्वतःबद्दल चार ओळी लिहून दाखवायच्या. कधी त्या ओळी वरवरच्या असत, कधी थोड्या खासगी, कधी फारच खासगी. त्या ओळी समोरच्यासाठी म्हणून लिहिल्यासारख्या वाटत, तेव्हा थोडं खासगी लिहिल्यावर लोकही मोकळे होऊन लिहीत. फारच खासगी लिहिल्यावर मात्र ते सावध होत आणि हात आखडता घेत. अनोळखी माणूस पहिल्या पाच मिनिटांत मनातलं खोल दुःख ओतू लागला, की याला आपल्याकडून काय हवंय, असा प्रश्न पडतोच.

म्हणून मन उघडण्यालाही पायऱ्या लागतात. आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी 1997 साली त्या पायऱ्यांची एक रीत तपासली. अनोळखी दोघांना बसवून 36 प्रश्न द्यायचे, तीन गटांत, प्रत्येक गटाला 15 मिनिटं. प्रश्न साधे सुरू होतात आणि हळूहळू खोल जातात, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं. पाऊण तासानंतर या जोड्यांना, हवापाण्याच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा, एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. खरी किल्ली प्रश्नांत नाही, आळीपाळीत आहे. एकानं अर्धा तास सांगायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं, असं झालं की सांगणारा हलका होतो आणि ऐकणारा थकतो. दुसऱ्या दिवशी तो टाळायला लागतो, आणि का टाळतोय हे सांगणाऱ्याला कळत नाही. आपण एक सांगितलं की थांबावं आणि समोरच्याला जागा द्यावी. त्यानं तेवढंच खोल काही सांगितलं तरच पुढं जावं.

सीमाभागातल्या माणसाची इथं एक खास अडचण होते. गोकर्णच्या हॉस्टेलात दोन मराठी बोलणारे भेटले, की पहिला प्रश्न ‘गाव कुठलं?’ आणि दुसरा ‘पाहुणे कोण तिकडं?’ बेळगाव, चंदगड, गडहिंग्लज, निपाणी, कागल या टापूत सोयरिकींचं जाळं इतकं दाट, की दहा मिनिटांत कोणाची तरी मामेबहीण दुसऱ्याच्या गल्लीत निघते. ‘मग तू आमचा पाव्हणाच की गा!’ असं म्हणून पाठीवर थाप पडते, चहा येतो, आणि मोकळेपणाची जी हद्द झिमेल यांनी सांगितली ती तिथंच संपते. आता बोललेलं गावात पोचू शकतं. अशा वेळी गप्पा आपोआप शेती, ऊस, नोकरी यांवर स्थिरावतात. त्याच रात्री तोच माणूस आसाममधून किंवा इस्रायलमधून आलेल्या प्रवाशाजवळ मन मोकळं करतो. दोन्ही ओळखी चांगल्या, पण त्यांची कामं वेगळी. तीन दिवस परक्या ओळखीचं मोकळेपण हवं असेल तर गावाच्या चौकशीत पाहुण्यांपर्यंत न जाता थांबलेलं बरं.

दुसरी गोष्ट मात्र सीमाभागाच्या बाजूनं आहे. घरी मराठी, बाजारात कन्नड, बसमध्ये हिंदी, गोव्याच्या वाटेवर कोकणी, अशी भाषा बदलत राहण्याची इथल्या माणसाला लहानपणापासून सवय असते, त्यामुळं मोडक्यातोडक्या भाषेत बोलायची लाज कमी. कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहानपणी आई-वडील रागावताना वापरतात ती वाक्यं ऐकवून त्वचेची विद्युतवाहकता मोजली, म्हणजे भावनेनं तळहाताला किती बारीक घाम सुटतो ते पाहिलं. मातृभाषेतल्या वाक्यांना शरीरानं जास्त जोरानं उत्तर दिलं. यावरून एक तर्क करता येतो. रात्रभर हिंदी-इंग्रजीत मनातलं सहज बोलणाऱ्या माणसाला, निघताना कोणी ‘नीट जा हं, पोचलास की फोन कर’ एवढंच मराठीत म्हटलं, तरी डोळे भरून येतात. परकी भाषा भावनेला थोडं लांब धरते, म्हणून तिच्यात बोलणं सोपं जातं.

मैत्री घट्ट व्हायला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे एकत्र सोसलेला त्रास. ब्रॉक बॅस्टियन आणि सहकाऱ्यांनी 2014 साली अनोळखी लोकांच्या गटांना बर्फाच्या पाण्यात हात घालायला लावला, भिंतीला टेकून गुडघ्यात वाकून उभं केलं, एका प्रयोगात तर तिखट मिरच्या खायला दिल्या. त्रास सोसलेले गट, त्रास न झालेल्या गटांपेक्षा, आपसांत जास्त जवळ आले आणि खेळात एकमेकांना जास्त साथ देऊ लागले. आपल्या हुक्केरी तालुक्यातली संकेश्वरी मिरची यासाठी पुरेशी आहे. जांबोटीकडच्या पावसात भिजून पायाच्या जळवा काढत बसलेले चौघे, किंवा लोंढ्याला गाडी चुकल्यानं रात्र फलाटावर काढलेले तिघे, यांना वर्षांनंतरही एकमेकांची नावं आठवतात. त्रास सगळ्यांना सारखा व्हायला हवा, हे विसरू नये. एकाला ताप आला आणि बाकीचे फिरायला गेले, तर उलटंच होतं.

एका तालात पडणाऱ्या पावलांचंही तसंच. स्टॅनफर्डच्या स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ यांनी 2009 साली लोकांना काही गटांत पावलाला पाऊल जुळवून चालायला लावलं आणि काहींत आपापल्या चालीनं. पाऊल जुळवून चाललेल्या गटांनी नंतरच्या खेळात एकमेकांवर जास्त भरवसा ठेवला. टाळ-मृदंगावर पावली खेळत मैलोन् मैल जाणाऱ्या दिंडीतली माणसं लवकर एकजीव होतात, त्यात या गोष्टीचाही वाटा असावा. हॉस्टेलच्या सोबत्यांना जवळ आणायचं असेल तर तासभर एकत्र चढाई करणं कॅफेत बसण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

गोड आणि कडू एकाच वेळी

निरोपाच्या सकाळी आनंद आणि दुःख आळीपाळीनं येतात की एकदम? हा प्रश्न मानसशास्त्रात बराच काळ वादाचा होता. जेफ लार्सन, पीटर मॅकग्रॉ आणि जॉन कॅसिओपो यांनी 2001 साली विद्यार्थ्यांना वसतिगृह सोडण्याच्या दिवशी आणि पदवी मिळण्याच्या दिवशी विचारलं. रोजच्या दिवशी फार थोडे जण, पण या दिवशी बरेच जण, दोन्ही भावना एकाच वेळी असल्याचं सांगत होते. पुढं हर्शफिल्ड, लॉरा कार्स्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी 2008 साली त्यात नेमकेपणा आणला. आवडती जागा डोळ्यांपुढं आणायला सांगितलं तर आनंद, पण ‘इथं शेवटचंच आलोय’ अशी कल्पना करायला सांगितलं की आनंद राहतो आणि त्याच्यात दुःख मिसळतं. म्हणजे ही चव मैत्रीपेक्षा शेवटाच्या जाणिवेतून येते.

कार्स्टेन्सन यांचा मूळ सिद्धांतच वेळेबद्दल आहे. समोर भरपूर वेळ दिसत असेल तर माणूस नवं शिकायला, नव्या ओळखी करायला धावतो. वेळ थोडा उरलाय असं वाटलं की ज्यांच्याजवळ बरं वाटतं त्यांच्याकडे वळतो. वय कितीही असो. हॉस्टेलात हे जसंच्या तसं दिसतं. ज्यांची शेवटची रात्र आहे ते जुन्या तीन-चार जणांत घट्ट बसलेले असतात आणि त्याच दिवशी आलेल्या नव्या माणसाकडे त्यांचं लक्षही नसतं. नव्या माणसाला वाटतं, इथले लोक घमेंडी आहेत. तसं नसतं, त्यांचं घड्याळ वेगळं चाललेलं असतं. दोन दिवसांनी तोही त्याच जागी असेल.

शेवटाची जाणीव सुखही वाढवते. जेमी कर्ट्झ यांच्या 2008 सालच्या प्रयोगात पदवीला साधारण 6 आठवडे उरलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, वेळ फार थोडा उरलाय अशा शब्दांत आठवण दिली आणि काहींना, अजून बराच वेळ आहे अशा शब्दांत. दिवस दोघांनाही तेवढेच होते. थोडा वेळ उरलाय असं वाटलेल्यांनी कॉलेजात जास्त गोष्टी केल्या आणि ते जास्त समाधानीही झाले. म्हणून परतीचं तिकीट लपवू नये. ‘परवा सकाळी मी निघतोय’ हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं.

घशात दाटतं त्याचं शारीरिक कारण असं सांगतात. भावना तीव्र झाली की स्वायत्त मज्जासंस्था शरीरात जास्त हवा जावी म्हणून कंठद्वार रुंद धरते. गिळताना मात्र ते मिटावं लागतं. उघडं धरणारे आणि मिटू पाहणारे स्नायू एकमेकांविरुद्ध ओढतात आणि आवंढा अडकल्यासारखा वाटतो. घोटभर कोमट पाणी, दोन-तीन सावकाश श्वास सोडणं, एवढ्यानं तो सैल होतो.

निरोप घ्यायची रीत

डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी 1993 साली एक साधा प्रयोग केला. एकदा 14 अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात 60 सेकंद हात. दुसऱ्या वेळी तेच 60 सेकंद, आणि त्यापुढं आणखी 30 सेकंद, त्यात पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत नेलेलं. यातलं काय परत कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबचा त्रास निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. आठवण बनवताना मन लांबी मोजत नाही, सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट धरून ठेवतं. हा नियम सगळीकडे मात्र चालवू नये. न्यूझीलंडमध्ये सायमन केम्प आणि सहकाऱ्यांनी 2008 साली सात दिवसांच्या सुट्टीवर गेलेल्यांना तो लावून पाहिला, तर सबंध सुट्टीची आठवण ठरवण्यात शेवटापेक्षा सर्वांत लक्षात राहिलेला दिवस जास्त महत्त्वाचा निघाला. शेवट बिघडला म्हणून सगळी सहल वाया जात नाही. पण न सांगता निघून गेलेल्या माणसाची आठवण मात्र त्या न सांगण्यासकट राहते, आणि ते टाळणं आपल्या हातात असतं.

पहाटेची बस किंवा गाडी असेल तर निरोप आदल्या रात्रीच घ्यावा. पहाटे पाच वाजता झोपेतून उठवून मारलेली मिठी कोणालाच नीट आठवत नाही, आणि बाकी खोलीची झोप जाते ती वेगळी. बॅग रात्री नऊच्या आधी भरून बाहेर काढून ठेवावी. सगळ्यांत जास्त त्रास प्लास्टिकच्या पिशव्यांच्या चुरचुरीचा आणि चेनच्या आवाजाचा होतो, म्हणून सकाळी लागणारे कपडे, ब्रश, चार्जर एका कापडी पिशवीत वेगळे ठेवावेत. गजर फक्त थरथरीचा लावून फोन उशीखाली ठेवावा. मोठा दिवा लावू नये.

निरोप सगळ्यांचा मिळून एकदा घेतला तरी ज्याच्याशी खरंच जमलं त्याच्याशी दोन मिनिटं वेगळं बोलावं, आणि ‘मजा आली’ इतकंच न म्हणता नेमकी गोष्ट सांगावी. ‘परवा चढताना माझा पाय मुरगळला तेव्हा तू थांबलास, ते लक्षात राहील.’ असं बोलायला संकोच वाटतो. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी 2018 साली लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली, तेव्हा लिहिणाऱ्यांनी समोरच्याला वाटणाऱ्या अवघडलेपणाचा अंदाज जास्त धरला होता आणि आनंदाचा कमी. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दाखवलं, की बोलणं झाल्यावर समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज माणसं सहसा कमीच करतात. एका खोलीत नव्यानं राहायला आलेल्या विद्यार्थ्यांत तर हा गैरसमज कित्येक महिने टिकला.

निरोपाचं बोलणं लांबतं, हाही अनुभव सर्वांचा. ॲडम मास्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांनी 2021 साली दाखवून दिलं, की संभाषण दोघांच्याही मनासारख्या वेळी जवळजवळ कधीच संपत नाही, कारण थांबायची इच्छा दोघेही एकमेकांपासून लपवतात. बसची वेळ हे काम आपल्यासाठी करते. दुपारची बस असेल तर ‘चहा झाला की निघतो’ असं आधीच सांगून टाकावं.

नंबर निघण्याच्या क्षणावर ढकलू नये. चोर्ला घाटात आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज जाते-येते, आणि बसच्या खिडकीतून ओरडून सांगितलेले दहा आकडे एका चुकीनं वाया जातात. आदल्या रात्री नंबर घेऊन लगेच मिस्ड कॉल द्यावा, आणि नावापुढं जागा आणि महिना लिहावा. नुसत्या ‘राहुल’ किंवा ‘प्रिया’ नावानं जपलेला नंबर वर्षभरानं ओळखू येत नाही.

पुढं किती टिकतं

व्हॉट्सॲपचा गट जवळपास प्रत्येक वेळी निघतो. पहिल्या आठवड्यात फोटो, नंतर सणांच्या शुभेच्छा, मग शांतता. याचं वाईट वाटून घेऊ नये, यात कोणाचा दोष नाही. रॉबिन डनबार यांच्या मांडणीप्रमाणं माणसाची नाती थरांत असतात, अगदी जवळचे 5 जण, मग 15, मग 50, मग 150 पर्यंत. वेळ आणि मन दोन्ही मर्यादित असल्यानं आतला थर फुगत नाही. यारी सारामाकी, डनबार आणि सहकाऱ्यांनी 2014 साली शाळा संपवून नव्या आयुष्यात गेलेल्या 24 विद्यार्थ्यांचे 18 महिन्यांचे फोन पाहिले. माणसं बदलली, पण पहिल्या क्रमांकाच्या माणसाला किती वेळ, दुसऱ्याला किती, ही वाटणी प्रत्येकाची जवळपास तशीच राहिली. नवा जवळ आला की कोणी तरी मागं सरकतो. प्रत्येक मुक्कामावरचे चारही जण आत घ्यायला जागा नसते.

एक-दोन जण ठेवायचे असतील तर गटावर विसंबू नये. घरी पोचल्यावर आठवड्याच्या आत त्या एकट्याला संदेश पाठवावा, त्यात तिथली एखादी गोष्ट असावी आणि उत्तर देण्याजोगा एक प्रश्न. मध्ये वर्ष गेलं असेल तरी पाठवावा. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांच्या 2022 सालच्या अभ्यासात, अनपेक्षितपणे आलेला छोटा संदेश किंवा भेट मिळणाऱ्याला किती आवडेल याचा अंदाज पाठवणाऱ्यांनी कमीच केला होता.

नुसत्या बोलण्यानं सगळ्यांची मैत्री टिकत नाही. सॅम रॉबर्ट्स आणि डनबार यांनी असेच विद्यार्थी 18 महिने पाहिले, तेव्हा सरासरीनं मुलींची मैत्री फोनवरच्या बोलण्यानं टिकत होती आणि मुलांची एकत्र काही करण्यानं. बेळगावच्या माणसाला इथं जागेचा फायदा आहे. पुणे-बंगळूर महामार्ग आणि मिरज-लोंढा रेल्वेमार्ग दोन्ही इथून जातात, त्यामुळं पुण्याचा मित्र पुन्हा गोव्याला निघाला की त्याची वाट बेळगावातून असण्याची शक्यता मोठी. त्याला घरी राहायचा आग्रह केला की तो अवघडतो, कारण एक पूर्ण दिवस मोडतो. त्यापेक्षा तीन तास मागावेत. हाती बॅग असेल तर बसस्टँडपासून चालत जाता येण्याजोगा किल्ला आणि आतलं कमल बस्ती हे जैन मंदिर, दुचाकी असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड, आणि परतताना थोडा कुंदा बांधून द्यावा. पुढची बस कोणती हे त्याला आधीच विचारून ठेवावं, म्हणजे दोघांनाही घड्याळाकडे बघत बसावं लागत नाही.